शनिवारवाड्यातील हाक : एका भूतकथेची भाषिक चिकित्सा

१

पुण्याच्या शनिवारवाड्याविषयी सांगितली जाणारी भूतकथा इतकी सर्वश्रुत आहे की, तिच्याकडे वाङ्मयीन रचना म्हणून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. इतिहासाचा अभ्यासक तिला अविश्वसनीय म्हणून बाजूस सारतो आणि लोकसाहित्याचा अभ्यासक शहरी व अर्वाचीन म्हणून तिची उपेक्षा करतो. परिणामी ही कथा वाटाड्यांच्या, पर्यटकांच्या आणि मुलांच्या हाती उरली आहे. वस्तुतः मराठी भाषेने एका राजकीय खुनाची स्मृती कोणत्या रूपात जतन केली, आणि ती जतन करताना काय गमावले, हे पाहण्यास याहून सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

कथेचा सांगाडा अगदी लहान आहे. नारायणराव पेशव्यांवर गारदी चालून आले. तो तरुण पेशवा जीव वाचविण्यासाठी चुलत्याच्या, म्हणजे रघुनाथरावांच्या, दालनाकडे धावला. ‘काका, मला वाचवा’ अशी हाक त्याने मारली. तो मारला गेला. आणि तीच हाक आजही रात्री वाड्यात ऐकू येते. कोणी ती अमावास्येस ऐकू येते असे म्हणतात, कोणी पौर्णिमेस. याखेरीज कथेत काहीही घडत नाही. भूत दिसत नाही, कोणास झपाटत नाही, काही मागत नाही आणि कोणत्याही उपायाने शांत होत नाही. तीन शब्दांचे एक वाक्य, एवढेच या भुताचे शरीर आहे.

ज्या वास्तूला ही कथा चिकटली आहे ती वास्तू मात्र गेल्या दोन शतकांत पार पालटली. १० जानेवारी १७३० रोजी पहिल्या बाजीरावाच्या कारकीर्दीत वाड्याचा पाया घातला गेला व २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांती झाली. १८१८ मध्ये पेशवाई संपली. फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली आणि तीत आतील महाल नष्ट झाले. उरले ते तट, बुरूज, दरवाजे, नगारखाना, जोती आणि कारंज्यांचे हौद. विसाव्या शतकात उत्खनन होऊन जोती उघडी झाली, आत बाग आली. दिल्ली दरवाज्यासमोरचे पटांगण सभांचे मैदान बनले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आचार्य अत्र्यांची भाषणे ऐकण्यास लोक येथेच जमत. पुढे याच परिसरात नृत्यसंगीताचे कार्यक्रम झाले, दिवाळीत पणत्यांची आरास होऊ लागली, आणि वाड्याचा इतिहास ध्वनी व प्रकाश यांच्या साहाय्याने सांगणारे खेळ आतल्या मोकळ्या जागेत दाखविण्यात आले. राज्यकारभाराचे स्थान होते ते अशा रीतीने रंगस्थल झाले. या स्थित्यंतरातून वाड्यातील एकच ‘पात्र’ अखंड टिकून राहिले आहे, ते म्हणजे ही हाक.

२

प्रथम या भुताच्या जातीचा विचार करणे इष्ट ठरेल. मराठीत भुतांची वर्गवारी अतिशय काटेकोर आहे. मुंज झालेला पण लग्नापूर्वी मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. वासना अडकून राहिलेला अथवा ज्याचे उत्तरकार्य करण्यास कोणी मागे नाही असा ब्राह्मण समंध होतो. बाळंतपणात गेलेली स्त्री हडळ होते. खवीस, जखीण, गिऱ्हा, चकवा यांची स्थाने व सवयी ठरलेल्या असतात. यातील प्रत्येक नाव म्हणजे एका अपुऱ्या राहिलेल्या संस्काराचे किंवा इच्छेचे निदान होय. आणि निदान असल्यामुळे उपायही ठरलेला असतो.

या वर्गवारीत नारायणरावाला जागा नाही. जन्म १० ऑगस्ट १७५५ चा व मृत्यू ३० ऑगस्ट १७७३ चा. म्हणजे मृत्युसमयी तो अठरा वर्षांचा होता. त्याचा विवाह झालेला होता, म्हणून तो मुंजा नव्हे. त्याची पत्नी गंगाबाई गरोदर होती व १८ एप्रिल १७७४ रोजी तिला पुत्र झाला. तोच पुढे सवाई माधवराव. तेव्हा तो निर्वंशही नव्हे. सांगणारे लोकही त्याला यांपैकी कोणतेच नाव देत नाहीत. ‘वाड्यात समंध आहे’ असे कोणी म्हणत नाही. ‘वाड्यात आवाज येतो’ असेच म्हटले जाते. लोकांच्या या शब्दयोजनेस महत्त्व आहे. खेड्यातील भूतकल्पनेचा सगळा संसार, पिंपळ, उतारा, नैवेद्य, मांत्रिक, येथे अनुपस्थित आहे. अपुरा राहिला आहे तो मृताचा संस्कार नव्हे. अपुरे राहिले आहे ते दुसरेच काही, हे या अनामिकतेवरून सूचित होते.

याच वाड्यात घडलेल्या दुसऱ्या एका मृत्यूशी तुलना केली म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. सवाई माधवराव २५ ऑक्टोबर १७९५ रोजी वाड्याच्या माडीवरून खाली पडला आणि दोन दिवसांनी मरण पावला. खून झालेल्या पित्याचा पुत्र, एकवीस वर्षांचे वय, निपुत्रिक मरण, आणि हा अपघात की आत्मघात हा संशय: भूतकथेला लागणारे सर्व साहित्य येथे आयते आहे. रूढ वर्गवारीप्रमाणे भूत व्हावयाचे तर पित्यापेक्षा पुत्राचा अधिकार मोठा. तथापि वाड्याची म्हणून जी कथा लोकांच्या तोंडी आहे ती पित्याची आहे, पुत्राची नाही. कारण पुत्राच्या मृत्यूने मागे एखादे वाक्य ठेवले नाही, आणि ज्याला उद्देशून ते वाक्य म्हणावे असा कोणी मनुष्यही ठेवला नाही. शनिवारवाड्याचे भूत करुणेतून जन्मलेले नसून आरोपातून जन्मलेले आहे.

३

या आरोपाची भाषा आता पाहू. नारायणरावाच्या वधाने मराठीला दोन गोष्टी दिल्या. एक ही हाक. दुसरी ‘ध चा मा करणे’ ही म्हण. रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेल्या आज्ञापत्रात ‘धरावे’ असा शब्द होता आणि आनंदीबाईने त्याचा ‘मारावे’ असा केला, ही आख्यायिका प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असते. या दोन गोष्टी सहसा निरनिराळ्या प्रसंगी उच्चारल्या जातात. हाक भूतकथेत येते व म्हण नित्याच्या बोलण्यात. त्या शेजारी ठेवून पाहिल्यास असे दिसते की, त्या एकाच घटनेची दोन व्याकरणे आहेत.

‘धरावे’ हे विध्यर्थी रूप होय. ‘नारायणरावांस धरावे’ असे वाक्य मानले तर प्रयोग भावे होतो. ‘नारायणराव धरावे’ असे आदरार्थी अनेकवचन मानले तर तो कर्मणी होतो. दोन्ही पक्षी क्रियापद कर्त्याशी जुळत नाही. कर्ता तृतीयेत घालावा लागतो आणि बहुधा तो घातलाच जात नाही. कोणी धरावे, कोणाच्या हुकुमाने धरावे, हे क्रियापदावरून समजत नाही. दप्तरी मराठीस हे रूप अतिशय प्रिय आहे, याचे कारण उघड आहे: आज्ञा होते, परंतु आज्ञा करणारा व ती पाळणारा हे दोघेही वाक्याबाहेर राहतात. ‘मारावे’ याचेही व्याकरण तेच. अक्षर बदलले तरी कर्ता होता तेथेच, म्हणजे वाक्याबाहेरच, राहिला.

‘मला वाचवा’ याची रचना नेमकी याच्या उलट आहे. हा आज्ञार्थ आहे, द्वितीय पुरुष आहे, आणि संबोधन आरंभीच आहे. कोणी वाचवावयाचे, कोणाला वाचवावयाचे, याबद्दल संदेहास जागा नाही. संबोधनही विचार करण्याजोगे आहे. रघुनाथरावांचा उल्लेख व्यवहारात ‘दादासाहेब’ असा होई; कथेने ते नाव घेतले नाही, नाते घेतले. ‘दादासाहेब’ म्हटले असते तर ती दरबारातील अर्जी झाली असती. ‘काका’ म्हटल्याने ती घरातील हाक होते. शिवाय क्रियापद ‘वाचव’ असे नाही, ‘वाचवा’ असे आहे. मारेकरी पाठीशी असतानाही पुतण्याच्या तोंडून वडीलधाऱ्या माणसाविषयीचे आदराचे अनेकवचन सुटत नाही. हे रूप प्रत्यक्ष त्या दिवशी उच्चारले गेले की नाही हा प्रश्न येथे गौण आहे. कथेने हे रूप निवडले व त्याहून वेगळे रूप टिकू दिले नाही, हे लक्षणीय आहे. हिंदीत अथवा इंग्रजीत ही कथा सांगणारेही हाक मराठीतच देतात आणि मग तिचा अर्थ सांगतात; कारण ‘वाचवा’ मधील आदर दुसऱ्या भाषेत, विशेषतः इंग्रजीत, नेता येत नाही, आणि तो आदर गेला तर विश्वासघाताची तीव्रताही जाते.

तात्पर्य, एका बाजूस कर्ता लपविणारी लेखी आज्ञा आहे आणि दुसऱ्या बाजूस कर्त्याला नावाने, नात्याने पुकारणारी मौखिक याचना आहे. कागदाने जे झाकले ते हाकेने उघडे केले. भूतकथेचे सामर्थ्य याच ठिकाणी आहे.

४

तथापि भूतकथेचे व म्हणीचे दोषही तितकेच गंभीर आहेत, आणि टीकाकाराने त्यांच्याकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे.

पहिला दोष अक्षराविषयीच्या आख्यायिकेचा. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ‘धरावे’ व ‘मारावे’ यांची हकीकत दिली आहे. तेथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या आहेत. रामशास्त्र्यांच्या चौकशीत शब्द बदललेला आढळला, ही एक. आणि तो बदल आनंदीबाईने केला असा लोकांचा समज आहे, ही दुसरी. पहिली शोधाच्या स्वरूपात सांगितली आहे, दुसरी समजाच्या. म्हणीने हा भेद पुसून टाकला. आज ‘ध चा मा’ म्हणताच आनंदीबाई आठवते आणि रघुनाथराव हा केवळ धरण्याची आज्ञा देणारा, अविचारी पण मर्यादित अपराधाचा धनी ठरतो. एका अक्षराच्या साहाय्याने अपराधाचा मोठा भाग पुरुषाकडून स्त्रीकडे, आणि हुकुमाकडून लेखणीकडे सरकविला गेला.

भाषेच्या दृष्टीनेही ही आख्यायिका वाटते तितकी सरळ नाही. ‘मारणे’ या धातूचा अर्थ ताडन असाही आहे व वध असाही. वध नि:संदिग्धपणे सांगावयाचा तर मराठी माणूस ‘जिवे मारणे’ किंवा ‘ठार मारणे’ असे म्हणतो. केवळ ‘मारावे’ वाचून गारद्यांनी पेशव्याचा प्राण घेतला असे मानणे म्हणजे परिणाम ठाऊक असल्यामुळे शब्दाचा अर्थ ठरविणे होय. त्यातून असले लेखन मोडीत व्हावयाचे. त्या लिपीत आधी रेघ ओढून तिला अक्षरे लटकविली जातात, लेखणी शक्य तितकी कमी उचलली जाते आणि शब्दाशब्दांत अंतर ठेवले जात नाही. पुरी झालेल्या ओळीतील एक अक्षर खोडून त्याजागी सकाना अक्षर बेमालूम बसविणे कितपत सुकर होते, हा प्रश्न बालबोध अक्षरे डोळ्यांपुढे असणाऱ्या आजच्या वाचकास सहसा पडत नाही. यावरून बदल झालाच नाही असे सिद्ध होत नाही. एवढेच म्हणता येते की, म्हण ज्या सफाईने सगळा अपराध एका अक्षरात कोंबते, ती सफाई भाषेची आहे, घटनेची नव्हे.

दुसरा दोष हाकेचा. कथेत काका ऐकत नाही; तो दगडासारखा स्तब्ध असतो किंवा दार लावून घेतो. ग्रँट डफची हकीकत याहून वेगळी व अधिक भयंकर आहे. तीत पुतण्या चुलत्याच्या गळ्यात पडतो. चुलता सुमेरसिंग गारद्याजवळ त्याच्यासाठी रदबदली करतो. गारदी त्याला सोडण्यास किंवा त्याच्याबरोबर मरण्यास सांगतो. आणि चुलता मिठीतून स्वतःस सोडवून घेतो. म्हणजे हाक ऐकली गेली होती. तिला उत्तरही मिळाले होते, पण स्वतःच्या जिवावर बेतताच ते मागे घेण्यात आले. ज्याने ‘धरावे’ असे लिहिले त्यालाच शेवटी पुतण्याने धरले, आणि त्याने ती पकड सोडविली. न ऐकणारा काका हा राक्षस होय व त्याच्याविषयी विचार करण्यासारखे फारसे नसते. ऐकून हात सोडविणारा काका हा मनुष्य आहे. भूतकथेने सोपा अपराधी निवडला.

तिसरा दोष सर्वांत मोठा आहे. त्या दिवशी केवळ नारायणराव मारला गेला नाही. धन्याला वाचविण्यासाठी त्याच्या अंगावर पडलेला चापाजी टिळेकर हा सेवक त्याच्याबरोबर मारला गेला. वाड्यातील आणखी कित्येक माणसे बळी पडली. त्यांत चाकर होते व कुणबिणीही होत्या. यांपैकी कोणाचाही आवाज वाड्यात ऐकू येत नाही. ‘मला वाचवा’ हे वाक्य अनंत काळ टिकते; आणि ते ऐकून खरोखर वाचविण्यास जो धावला त्याला मात्र भूतकथेत जागा नाही. हाकेला त्या दिवशी एक प्रत्युत्तर मिळाले होते, ते टिळेकराने दिले होते. हे प्रत्युत्तर वगळल्यावाचून हाक एकाकी व करुण राहू शकत नाही, म्हणून कथेने ते वगळले. कथा रचनेच्या सोयीसाठी माणसे विसरते, हा भूतकथांचा सामान्य धर्म असला तरी येथे त्याची किंमत चापाजीने व अनाम कुणबिणींनी मोजली आहे.

काळाविषयीचा फेरफार त्यामानाने निरुपद्रवी म्हणावा. वध झाला तो भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस, गणेशोत्सवाच्या दिवसांत आणि भर दुपारी. अमावास्येची मध्यरात्र ही भूतकथेच्या ठराविक साच्यातून आलेली आहे. पौर्णिमा सांगणारे नकळत तिथीच्या जवळ येतात इतकेच. पण दुपारच्या उजेडात, उत्सवाने गजबजलेल्या वाड्यात हे घडले ही वस्तुस्थिती रात्रीच्या भीतीपेक्षा अधिक विदारक आहे, हे विसरता येत नाही.

५

मग ही कथा टिकली का? तिचे उत्तर वाड्यात नसून न्यायासनाकडे आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरविले आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले. ते प्रायश्चित्त अमलात आले नाही. रामशास्त्री पुणे सोडून गेले; रघुनाथरावांना पुढे बारभाईंनी सत्तेवरून दूर केले, तरी शिक्षा अशी झाली नाही, आणि १७८३ च्या डिसेंबरात कोपरगाव येथे त्यांना स्वाभाविक मृत्यू आला. निकाल लागला पण त्याची बजावणी राहिली. वर ज्या अपुरेपणाचा उल्लेख केला तो हाच. मुंज्याचे लग्न अपुरे, समंधाचे उत्तरकार्य अपुरे, तसा येथे निवाडा अपुरा. ही हाक म्हणजे न बजावलेल्या निकालाची पुन:पुन्हा होणारी वाचना आहे.

मराठी रंगभूमीने ही गोष्ट भूतकथेपेक्षा अधिक जाणतेपणाने ओळखली. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त (१९०९) आणि प्रभातच्या ‘रामशास्त्री’ या चित्रपटात (१९४४) रामशास्त्र्यांच्या निवाड्याला मानाचे स्थान मिळाले. भूतकथेत मात्र न्यायाधीश नाही, साक्षीदार नाही. फिर्यादी तेवढा आहे. म्हणून ती दरवेळी पहिल्या ओळीवरच थांबते व पुन्हा तेथूनच सुरू होते.

वाडा रंगस्थल झाल्यानंतर या कथेचे काय होते, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. परदेशातील नाट्यगृहांतून भुते असतातच. लंडनच्या ड्रुरी लेन येथील थिएटर रॉयलमध्ये करड्या वेषातील एक पुरुष दिवसाच्या खेळाच्या वेळी वरच्या सज्जात दिसतो, आणि तो दिसला तर नाटक यशस्वी होते, असे नटमंडळी मानतात. ते भूत मुके आहे व प्रेक्षकांत बसणारे आहे. त्याच्याकडून कोणास उपद्रव नाही, कारण त्याचा कोणावर आरोप नाही. शनिवारवाड्यातील भूत प्रेक्षक नसून पात्र आहे आणि त्याला संवाद आहे. दिव्यांच्या झोतात, ध्वनिवर्धकावरून हा संवाद ऐकविला की प्रेक्षक शहारतो. परंतु शहारा हा साक्षीचा शेवट असू शकतो. वाक्य जितके परिणामकारक होते तितके त्यातील संबोधन पुसट होते. ‘काका’ हा विशिष्ट मनुष्य न राहता भीतिदायक आरोळीतील एक ध्वनी उरतो. आज मुले खेळताना हे वाक्य विनोदाने म्हणतात. ज्या हाकेने कर्त्याला वाक्यात आणले होते तीच हाक वापरून वापरून पुन्हा कर्त्यावाचून उरावी, ही खरी हानी होय.

यावर उपाय भूतकथा बंद करणे हा नव्हे. तसे करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. कारण दप्तराने लपविलेला कर्ता दोन शतके लोकांच्या ध्यानात ठेवण्याचे काम तिने केले आहे. जेथे ती रंगस्थलावर सांगितली जाईल तेथे हाकेनंतर लगेच अंधार न करता दोन गोष्टी सांगितल्या जाव्यात: ती हाक ऐकून धावलेल्या चापाजी टिळेकराचे नाव, आणि रामशास्त्र्यांचा निकाल. याने शहारा कदाचित कमी होईल. अर्थ कमी होणार नाही.

अभ्यासकांपुढील काम याहून साधे व तातडीचे आहे. या कथेचे पाठभेद सांगणाऱ्याचे वय, व्यवसाय, स्थळ व भाषा यांच्या नोंदीसह गोळा केले पाहिजेत. हाकेतील संबोधन कोठे बदलते, क्रियापदाचे आदरार्थी रूप कोणाच्या तोंडी ढळते, आनंदीबाईचे नाव कोणत्या सांगणाऱ्यांकडे येते व कोणाकडे येत नाही, याचा तक्ता मांडला तर एका म्हणीने केलेला अपराधाचा फेरवाटप आजही कितपत चालू आहे हे प्रत्यक्ष पुराव्याने दाखविता येईल. ज्या वाड्याच्या भिंती १८२८ मध्येच जळाल्या त्या वाड्यात पाहण्याजोगे थोडे उरले आहे. ऐकण्याजोगे मात्र पुष्कळ आहे, आणि ते अद्याप कोणी नीट ऐकलेले नाही.